एका परातीत चार हात

फोन आला तेव्हा नूरजहांच्या दोन्ही हातांवर ओली मेंदी होती. आता करणार काय? फोन ओट्यावरच्या सतरंजीवर पडलेला. तिनं वाकून नाकानं ते हिरवं बटण सरकवलं आणि नमाजात ओणवं व्हावं तसं होऊन कान फोनला लावला.

"नूरजहां शेख बोलताय का? मी बुलढाण्याहून महामाया बोलतेय, लघुपट महोत्सवाच्या निवड समितीवर आहे. तुमचा 'परात' आम्ही निवडलाय. मी तीनदा पाहिला, बाई! बारा मिनिटांत एकही चेहरा नाही. नुसते हात आणि पाय. ठरवूनच केलंत ना हे?"

"हाव जी. ठरवूनच."

"मग ही तुमची शैली झाली. उद्या नाव झाकून तुमचं काम दाखवलं ना, तरी मी ओळखेन, हे नूरजहांबाईंचंच."

नूरजहांच्या अंगावर काटा आला. जानेफळात व्हिडिओ शूटिंगची बाई म्हणून तिला सगळे ओळखत, पण 'तुमचं काम ओळखेन' असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. आनंदाच्या भरात तिचा गाल घसरला, फोनवर टेकला आणि स्पीकर सुरू झाला. महामायाबाईंचं पुढचं वाक्य अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"रविवारी अकरा वाजता या. आणि सगळ्या कलाकारांना घेऊन या!"

झालं! त्या गल्लीत एखादी गोष्ट स्पीकरवर बोलली गेली म्हणजे ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर गेली असंच धरून चालायचं. समोरच्या ओट्यावर शालूबाई लसूण सोलत होती, ती टोपली घेऊनच उभी राहिली. तिच्या शेजारच्या दारात, मधली भिंत सोडून, तिची धाकटी जाऊ जयमाला धुणं वाळत घालत होती, तिच्या हातातली चादर तशीच राहिली. आणि रस्त्यानं चाललेले किसनराव, गावचे माजी सरपंच आणि स्वतःच्या मते या पिक्चरचे हिरो, त्यांनी तर गाडीच उभी केली.

"निवडला? अन् बुलढाण्याले? पडद्यावर? नूरभाभी, मी आजच मिशीले कलप लावतो!"

"भाऊ, पिक्चर तं झाला काढून," नूरजहां कशीबशी म्हणाली. "आता मिशीचं काय काम?"

"अवं, लोकं पडद्यावर पाहतीन अन् मंग मागं वळून मले पाहतीन. सारखं नको दिसाले?"

नूरजहां घरात पळाली आणि कोपरानं दार लावून घेतलं. टाळी वाजवावी तर मेंदी, तोंड झाकावं तर मेंदी. ती नुसतीच खोलीत गोल गोल फिरली. आनंद मावत नव्हता हे खरं, पण धास्तीही होती. तिनं गावापासून दोन गोष्टी लपवल्या होत्या. पहिली म्हणजे पिक्चरमध्ये कोणाचं तोंडच नाही. ती एक वेळ निभावली असती. दुसरी गोष्ट मात्र अशी होती, की ती पडद्यावर दिसली की समोरच्या दोन ओट्यांवरच्या दोन बाया एक तर एकमेकींच्या झिंज्या तरी धरतील, नाही तर दोघी मिळून हिच्या.

आता ती गोष्ट ऐकायची तर नऊ वर्षं मागं जायला पाहिजे.

तेव्हा शालूबाईच्या काजलचं लग्न होतं. हळदीचं शूटिंग नूरजहांकडे. त्या काळी ती चारचौघांसारखंच काम करायची, नवरा-नवरीला कमळात बसवायची, बदामात फिरवायची, सगळं मिक्सिंग तिला येत होतं. लग्न लागलं, पोरगी नांदायला गेली, पेनड्राईव्ह घरी आला. लोणारचे पाहुणे आले होते, त्यांना दाखवायला टीव्हीला लावला. मधेच चहा आला म्हणून कोणीतरी रिमोटचं पॉज दाबलं. आणि नेमकं कुठं दाबलं? तर जयमालाच्या तोंडावर! नाक आक्रसलेलं, ओठ एका बाजूला गेलेले, एक डोळा बारीक. चहा प्यायला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं ते तोंड अख्ख्या टीव्हीभर तसंच.

लोणारच्या एका म्हातारीनं बशीतून डोकं वर काढून विचारलं, "हे कोन व? पोरीच्या हळदीत एवढं तोंड वाकडं करून राह्यली?"

बस्स. तेवढ्यानं झालं. शालूबाईनं जावेला अंगणात बोलावून सर्वांसमोर सुनावलं, "माह्या लेकीचं चांगलं झालेलं पाहावलं नाही तुले."  जयमाला पदर झटकून निघून गेली. महिन्याभरात अंगणाच्या मधोमध भिंत आली. एका घरातल्या, एका चुलीवर बारा वर्षं रांधलेल्या दोघी, त्या दिवसापासून एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. पाणी भरायलाही वेळा वाटून घेतल्या.

आणि खरं काय होतं, ते एकट्या नूरजहांला माहीत होतं. ती शिंक होती हो! मंडपामागं मिरचीची फोडणी पडली होती, जयमालाच्या नाकात धूर गेला. जयमालाची शिंक म्हणजे साधीसुधी नाही, तीन घरं पलीकडची तान्ही लेकरं दचकून उठतात. पण हळदीच्या घडीला शिंकणं म्हणजे अपशकुन, म्हणून बिचारीनं जीव खाऊन ती दाबली. पोरीच्या अंगाला हळद लागेपर्यंत दाबली, मग मागल्या दारी पळाली आणि पदरात तोंड खुपसून शिंकली. नूरजहांच्या कॅमेऱ्यात ते सगळं आलं होतं. पण तिनं काय केलं? वाकड्या तोंडाचा तुकडा ठेवला आणि शिंकेचा कापला. कामाचा नाही म्हणून कापला! कॅमेऱ्याच्या मूळ कार्डावर तोवर दुसरं लग्न चढलं होतं.

तिनं शालूबाईला जाऊन सांगितलं. शालूबाई म्हणाली, "तू तं तिचीच बाजू घेशीन. दाखव मंग शिंक." दाखवणार कुठून? जयमालाला सांगितलं, "तू तरी सांग तिले." ती त्याहून हट्टी. "बारा वर्सं एका ताटात जेवलो. तिले माह्यं तोंड वळखू येत नाही तं मी काऊन सांगू?"

त्या दिवसापासून नूरजहांनं कानाला खडा लावला. नवरा-नवरी सोडून कोणाचं तोंड घ्यायचं नाही. चेहऱ्याचा काय भरवसा? कोणीही पॉज करतं आणि भल्या माणसाचं वाकडं दिसतं. हाताचं तसं नाही. हात कुठंही थांबवा, तो जे करत होता तेच करताना दिसतो. मग ती हातच घ्यायला लागली. हळद लावणारे, पोरीची वेणी सोडवणारे, पंगतीत वाढणारे. वाढप्याचा हात कोणाच्या पानाशी जरा जास्त थांबतो, त्यावरून तिला नाती कळायला लागली. पाठवणीच्या वेळी ती बापाचं रडणं घेत नसे. मांडवाच्या खांबाला धरलेली त्याची बोटं घ्यायची, आणि घरी व्हिडिओ पाहताना बाया त्या बोटांवरच रडायच्या. लोक आधी कुरकुरले, मग त्यांना तेच आवडायला लागलं. पंचक्रोशीत तिला 'हातवाली नूरभाभी' म्हणायला लागले. ज्यांना आपल्या बायकांचे चेहरे व्हिडिओत नको असत, ते तर तिलाच धुंडत यायचे.

महोत्सवाचा फॉर्म भरला तिच्या लेकीनं, अलीजानं. बुलढाण्याला कॉलेजात शिकते, मोठी चलाख पोट्टी. मायलेकी घरात उर्दू-हिंदीची खिचडी बोलतात, पण आपण आपल्या बोलीत सांगू.

"अम्मी, बारा मिनिटांची गोष्ट पाहिजे. आहे तुझ्याकडं?"

"गोष्ट नाई," नूरजहां म्हणाली. "परात हाय."

गोष्ट तशी साधीच. एका घरात पंगतीसाठी रोडगे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजायचे कणकेचे गोळे, करायचे आहेत. घरधनी येतो-जातो, हुकूम सोडतो, त्याचे फक्त पाय दिसतात. दोन बाया एका परातीत कणीक मळतात. एकीचा हात रागात आहे, दुसरीचा रुसलेला. मळता मळता हात मऊ होत जातात. एवढंच.

किसनरावांनी त्यांची पितळी परात दिली, अंगण दिलं आणि स्वतःला दिलं. चार दिवस ते नवं धोतर नेसून आले. कॅमेरा आपला विटांवर ठेवलेला, त्यांच्या घोट्याशी.

"भाभी, मशीन एवढं खाली काऊन?"

"खालून मानूस मोठा दिसते, भाऊ."

किसनराव खूश झाले आणि आणखी ताठ चालले.

शालूबाईला तिनं सोमवारी बोलावलं, जयमालाला गुरुवारी. दोघींनी एकच प्रश्न विचारला, "ती हाय का पिक्चरमदी?" दोघींना नूरजहांनं एकच उत्तर दिलं, "तुमच्यासंगं नाही." खोटं नव्हतं. पण खरंही कुठं होतं? सोमवारी सकाळी दहाच्या उन्हात शालूबाई परातीच्या डाव्या बाजूला बसली. तिला सांगितलं, कणकीचा गोळा समोर ढकला. गुरुवारी सकाळी दहाच्याच उन्हात जयमाला उजव्या बाजूला बसली. तिला सांगितलं, समोरून गोळा आला असं समजा, ओढून घ्या, तांब्यातलं पाणी घाला. सोमवारपासून गुरुवारपर्यंत कॅमेरा जागचा हलला नाही. विटांभोवती खडूची रेघ होती, आणि किसनरावांच्या कोंबड्यांना डालग्याखाली कोंडलं होतं. मग आठ दिवस नूरजहां कॉम्प्युटरपुढं बसली. नवरा-नवरीला कमळात बसवणारं सगळं मिक्सिंग पणाला लावून तिनं त्या दोघींना एका परातीत बसवलं. कुठं जोड दिसेना. शालूबाईचा हात गोळा पुढं लोटतो, जयमालाचा हात तो घेतो. पहिल्यांदा ते बरोबर जमलं तेव्हा नूरजहां खुर्चीतून उठून एकटीच ओरडली होती, "या अल्ला, जमलं!"

जे कॅमेऱ्यानं तोडलं, ते कॅमेऱ्यानंच जोडायचं, हा तिचा हिशोब. पण न विचारता जोडलं होतं.

रविवारी सकाळी अर्धं जानेफळ निघालं. शालूबाई एसटीनं, म्हणून जयमाला किसनरावांच्या जीपमध्ये. मेहकर, चिखली करत बुलढाण्याला पोचेपर्यंत नूरजहांनं चारदा अलीजाला फोन केला. "तो तुकडा काढून टाकता येते का अजून?" "अम्मी, तोच तर पिक्चर आहे!" पोरगी खरंच बोलत होती.

कॉलेजचं सभागृह जुनं होतं. पंखे सुरू झाले तशी मखमली पडद्यावरची वर्षानुवर्षांची धूळ हवेत उडाली. शालूबाई डाव्या बाजूला बसली. ते पाहून जयमाला उजव्या बाजूला गेली, अगदी त्या मखमली पडद्याजवळ. मधे जानेफळकर, आणि सर्वांच्या पुढं किसनराव, मिशी काळी कुळकुळीत. अलीजा मागं लॅपटॉपपाशी होती. नूरजहां बसलीच नाही, भिंतीला टेकून उभी राहिली. 

दिवे गेले. पडद्यावर पाय आले. कातडी चपला, करकरीत धोतर.

किसनराव अर्धा मिनिट थांबले, एक मिनिट थांबले. पाय काही वर सरकेनात. "भाभी," ते अंधारातच म्हणाले, "वर काऊन नाही जाऊन राह्यलं मशीन?"

नूरजहांनं डोळे मिटून घेतले. पण मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, हे तं किसनभाऊ! कसे चाल्ले पाय, जसं काही आत्ताच मतमोजणी झाली!" सभागृह हसलं. दुसरा ओरडला, "तो डावा आंगठा पाहा, पोळ्याले बैलानं तुडवला व्हता!" लोकांना एकदम नादच लागला. प्रत्येक हातापायाला गाव नाव घेऊन हाक मारायला लागलं. पाटावर चटणी वाटणारा हात आला, तर ओरडा. पाणी शेंदणारा आला, तर टाळ्या. चेहऱ्याची कोणाला आठवणही राहिली नाही. बुलढाण्याची माणसं वळून वळून या गावाकडं पाहायला लागली. महामायाबाई तर पहिल्या रांगेत उभ्याच राहिल्या, आणि किसनराव शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "माहे पाय हायत ते, पूर्ण माहे!"

नूरजहांला हसू आवरेना, आणि त्याच क्षणी पडद्यावर पितळी परात आली.

डावीकडून दोन हात आले. हिरव्या बांगड्या, मनगटावर गोंदलेली तुळस. "शालूबाई!" गाव ओरडलं. हातांनी गोळा पुढं लोटला. उजवीकडून आणखी दोन हात आले. करंगळी जरा वाकडी, जात्यात सापडलेली. त्या हातांनी गोळा घेतला.

गाव ओरडायचं थांबलं. सगळ्यांनीच ओळखलं होतं. पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

"थांबवा!" शालूबाई ताडकन उभी राहिली. "थांबव व पोरी ते! पॉज कर!"

अलीजाच्या हातून बटण दाबलं गेलं. पडद्यावर एका परातीत चार हात थांबले.  नऊ वर्षं नूरजहांनं ज्याच्या धाकानं काम केलं, तेच पॉज पुन्हा पुढं उभं होतं.

"नूरभाभी!" शालूबाईचा आवाज घुमला. "ही कवा बसली माह्यासंगं? माह्या परातीत हिचे हात कसे?"

"म्या जोडले," नूरजहां पुढं आली. आता लपवण्यासारखं राहिलं काय होतं? "शालूबाई, म्याच तोडलं व्हतं, म्याच जोडलं. काय शिव्या द्यायच्या त्या मले द्या. पण हात पाहा आधी. एकीनं तरी तोंड वाकडं केलं का?"

शालूबाई पडद्याकडं वळली.  पाहता पाहता तिचा आवाज जरा खाली आला, पण तोऱ्यात फरक नाही. "पाणी जास्त ओतलं इनं. रोडग्याची कणीक अशी सैल असते का कुठी?"

आता जयमालानं काहीतरी बोलायला पाहिजे होतं. सगळं सभागृह तिच्याकडं वळलं. ती उभी राहिली, तोंड उघडलं, आणि बोलेचना. मखमली पडद्याची धूळ तिच्या नाकात गेली होती. नाक आक्रसलं, ओठ एका बाजूला गेले, एक डोळा बारीक झाला. तिनं पदर तोंडाशी दाबला. नऊ वर्षांनी जाऊ आपल्याशी बोलली, त्या घडीला शिंकू नये म्हणून बाई जिवाच्या आकांतानं ती दाबून राहिली.

शालूबाईनं ते तोंड पाहिलं. अगदी तेच तोंड. टीव्हीभर वीस मिनिटं पाहिलेलं.

"आऽऽक् छी!"

पहिल्या रांगेतल्या परीक्षकांचे कागद उडाले म्हणतात, ते मी काही पाहिलं नाही. पण किसनराव खुर्चीतून उडाले, हे अर्ध्या जानेफळानं पाहिलं.

"अवं माय!" शालूबाईनं कपाळावर हात मारला. "शिंक व्हती वं ती?"

"मंग काय व्हती?" जयमाला नाक पुसत म्हणाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललेलं, त्यातलं शिंकेचं किती आणि बाकीचं किती कोण सांगणार? "पोरीच्या हळदीत शिंकू काय मी? माही काजल नाही काय ती?"

"अन् नऊ वर्सं सांगतलं काऊन नाही, भवाने?"

"तू इचारलं काय?"

शालूबाई रांगेतून बाहेर पडली. लोकांच्या गुडघ्यांना धडकत, चपला तुडवत, मधली सगळी माणसं ओलांडत ती जावेपर्यंत गेली आणि तिनं तिचे दोन्ही हात धरले. ती वाकडी करंगळी उलटीसुलटी करून पाहिली. "बुढी झाली वं तू," ती म्हणाली आणि हुंदका देऊन रडायलाच लागली. जयमाला रडता रडता म्हणाली, "कणीक सैल नाही, तुह्या डोयाले दिसत नाही," आणि मग दोघी हसायला लागल्या.

नूरजहांचा फोन कधी तिच्या हातात आला, तिलाही कळलं नाही. बटण दाबलं गेलं होतं. फोनमध्ये हात नव्हते, पाय नव्हते. दोन रडणारी, हसणारी, घामेजलेली तोंडं होती, शेंबडासकट, अगदी जवळून. नवरा-नवरी सोडले तर नऊ वर्षांत पहिल्यांदा.

शालूबाईचं तिच्याकडं लक्ष गेलं. नूरजहांनं घाबरून फोन खाली केला.

"आमचे तोंडं घेऊन राह्यली काय?" शालूबाईनं पदरानं डोळे कोरडे केले, जावेला ओढून गालाशी गाल लावला. "घे, चांगले घे. फकस्त पॉज नको करजो!"